पायथनचं व्हर्जन बदललं आणि कोड बंद पडला: कारण शोधायचं कसं

कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर चालत नाही. कोडमधली एक ओळही बदललेली नाही. किंवा तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या कोर्समधला प्रोजेक्ट अक्षर न अक्षर तसाच टाइप केला आणि पहिल्याच इम्पोर्टला एरर आली. नुकतंच शिकायला लागलेल्या माणसाला अशा वेळी वाटतं की आपल्यालाच हे जमत नाही. मग नेटवर मिळेल ती पिप इन्स्टॉलची (पॅकेज बसवण्याची) ओळ टाकून बघणं, पायथन काढून पुन्हा बसवणं, शेवटी कुणीतरी सांगितलेलं जुनं व्हर्जन टाकणं असं सगळं सुरू होतं. कधी त्यातून काम होतंही. पण कशामुळे बंद पडलं होतं आणि कशामुळे चालू झालं हे कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

व्हर्जन बदलल्यामुळे येणाऱ्या बहुतेक एरर आधी जाहीर झालेल्या असतात. कुठल्या व्हर्जनला काय काढलं, कशाची वागणूक बदलली, हे पायथनच्या लोकांनी लिहून ठेवलेलं असतं. आपल्याला त्यातलं नेमकं पान गाठायचं असतं, आणि तिथवर पोचायला एक ठरलेली वाट आहे. ती वाट इथे क्रमाने मांडली आहे. कमांड आणि मॉड्यूलची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

आधी मधल्या आकड्याविषयी

पायथन ही भाषा वेगळी आणि ती चालवणारा प्रोग्रॅम वेगळा. पायथन डॉट ऑर्गवरून आपण उतरवतो त्या प्रोग्रॅमचं नाव सीपायथन. या लेखात पायथनचं व्हर्जन म्हणजे सीपायथनचं व्हर्जन.

पायथन २ वरून ३ वर जाताना मोठी मोडतोड झाली हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ३.० हे व्हर्जन ३ डिसेंबर २००८ ला आलं आणि पायथन २ चा आधार (म्हणजे दुरुस्त्या मिळणं) १ जानेवारी २०२० ला संपला. त्यामुळे अनेकांचा असा समज असतो की आता ३ च्या आत कुठलंही व्हर्जन घेतलं तरी फरक पडत नाही. हा समज सोडून द्यायला हवा. २०२० मध्ये ३.९ आलं, तेव्हापासून दर ऑक्टोबरला एक नवं व्हर्जन येतं: ३.१०, ३.११, ३.१२ असं. प्रत्येकाला साधारण पाच वर्षं आधार मिळतो. आणि यातला मधला आकडा बदलला की जुन्या गोष्टी काढल्या जाऊ शकतात. नियम एवढाच आहे की एखादी गोष्ट काढायची असेल तर आधी किमान दोन व्हर्जनमध्ये तिच्याबद्दल सूचना द्यायची. म्हणजे दोन वर्षं. ज्याने ती सूचना वाचली नाही त्याचा कोड तिसऱ्या वर्षी थांबतो.

पहिली पायरी: कुठलं पायथन चालतंय ते बघा

हे फार साधं वाटतं, म्हणून लोक ते सोडून देतात, आणि गोंधळाचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. एकाच लॅपटॉपवर तीन-चार पायथन असणं अगदी नेहमीचं आहे. एक पायथन डॉट ऑर्गचं, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं, एक ॲनाकोंडासोबत आलेलं. टर्मिनल एक वापरतं, एडिटर दुसरं.

टर्मिनलमध्ये ‘पायथन --व्हर्जन’ बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. जो प्रोग्रॅम बंद पडतो आहे त्याच्याच पहिल्या दोन ओळींत सिस मॉड्यूल इम्पोर्ट करून ‘सिस डॉट व्हर्जन’ आणि ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ प्रिंट करा. पहिल्यातून व्हर्जन कळतं, दुसऱ्यातून ते पायथन कुठल्या फोल्डरमधलं आहे ते कळतं. हे उत्तर शंभर टक्के खरं, कारण खुद्द चालणारा प्रोग्रॅमच ते सांगतो आहे.

पिपचंही तेच. नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहिलं तर ते भलत्याच पायथनमध्ये पॅकेज टाकू शकतं. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असं लिहायची सवय लावा, म्हणजे ज्या पायथनने ही कमांड चालली त्याच्याच घरात पॅकेज जातं. विंडोजवर ‘पाय --लिस्ट’ ही कमांड बसवलेल्या व्हर्जनची यादी देते, आणि ‘पाय -३.१२’ असं लिहून हवं ते व्हर्जन चालवता येतं.

लिनक्सवाल्यांसाठी एक इशारा. उबुंटू २२.०४ सोबत ३.१० येतं, २४.०४ सोबत ३.१२. ते पायथन सिस्टीमच्या स्वतःच्या कामासाठी आहे. ते काढू नका, त्याच्या जागी दुसरं बसवू नका. २४.०४ वर थेट पिप चालवलं तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर येते आणि तिथेच ती टाळायचा एक मार्गही सुचवलेला असतो, ज्याच्या नावातच ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ आहे. त्या वाटेला जाऊ नका. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं पायथन आणि पॅकेज ठेवणारं स्वतंत्र फोल्डर.

दुसरी पायरी: एरर खालून वर वाचा

पायथनची एरर पन्नास ओळींची असली तरी कारण सर्वांत शेवटच्या ओळीत असतं. ती ओळ नीट वाचा. मग वर सरकत जाऊन बघा की तिथली फाइल कुणाची आहे: तुमची, की साइट-पॅकेजेस फोल्डरमधल्या एखाद्या लायब्ररीची? उपाय या एका प्रश्नावर ठरतो. फाइल तुमची असेल तर कोड बदलायचा. लायब्ररीची असेल तर तिच्यात हात घालायचा नाही, तिचं नवं व्हर्जन शोधायचं.

शेवटच्या ओळीवरून एररची जात ओळखता येते. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असेल आणि ते नाव पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलचं असेल, तर बहुधा ते मॉड्यूल काढून टाकलेलं आहे. ‘ॲट्रिब्यूट एरर’ किंवा ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ असेल, तर मॉड्यूल शिल्लक आहे पण त्यातलं एखादं फंक्शन किंवा क्लास गेला आहे. ‘सिंटॅक्स एरर’ असेल तर दोन शक्यता: कोड नव्या व्हर्जनसाठी लिहिलेला आहे आणि तुम्ही जुनं चालवता आहात, किंवा एखादा साधा शब्द आता राखीव झाला आहे. ‘असिंक’ हा शब्द ३.७ मध्ये, २०१८ साली, असाच पूर्ण राखीव झाला. त्या नावाचा आर्ग्युमेंट किंवा मॉड्यूल असलेल्या लायब्रऱ्या एका रात्रीत बंद पडल्या. सेलरी या लायब्ररीला आपल्या एका मॉड्यूलचं नावच बदलावं लागलं. ३.१० मध्ये ‘मॅच’ आलं तेव्हा मात्र तो शब्द ठरावीक जागीच विशेष मानायचा असं ठरवलं गेलं, म्हणून ‘मॅच’ नावाचं व्हेरिएबल आजही चालतं. जुन्या कोडची काळजी घेऊन नवी सोय कशी आणावी याचं मला हे फार चांगलं उदाहरण वाटतं.

तिसरी पायरी: दोन व्हर्जन शेजारी शेजारी चालवा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ‘बहुतेक व्हर्जनचा प्रॉब्लेम असेल’ असं म्हणून थांबू नका. तो आहे की नाही हे दहा मिनिटांत सिद्ध करता येतं.

दोन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, एक जुन्या पायथनचं, एक नव्याचं. जुन्या एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर कॉपी करून नव्यात वापरायचा मोह होईल. तसं करू नका. एन्व्हायर्नमेंट ज्या पायथनने बनवलं त्याच्याशी बांधलेलं असतं, लिनक्स आणि मॅकवर आतल्या फोल्डरच्या नावातसुद्धा ते व्हर्जन असतं. ते नेहमी नव्याने बनवायचं आणि ‘पिप फ्रीझ’ने काढलेल्या यादीवरून पॅकेज बसवायची. वेगवेगळी व्हर्जन मिळवायला लिनक्स आणि मॅकवर पायएन्व्ह चांगलं आहे. हल्ली यूव्ही नावाचं साधन विंडोजसकट सगळीकडे चालतं आणि हवं ते पायथन स्वतःच उतरवून देतं. नवशिक्यांना मी यूव्हीच सुचवेन, कारण त्यात चुकायला जागा कमी आहे.

आता दोन्हीकडे पॅकेजची व्हर्जन तीच ठेवून तोच कोड चालवा. जुन्यात चालला, नव्यात पडला, तर दोष व्हर्जनच्या बदलाचा. दोन्हीकडे पडला तर व्हर्जनला दोष देणं सोडा आणि दुसरीकडे शोधा.

कधीकधी पॅकेजची तीच व्हर्जन नव्या पायथनवर बसतच नाहीत. मग उलट करा. जुन्या पायथनवर राहूनच आधी पॅकेज नवी करा, प्रोग्रॅम चालतो का बघा, आणि तो चालल्यावरच पायथन बदला. दोन्ही बदल एकदम केले तर कुठला नडला हे कळायला मार्ग राहत नाही.

व्हर्जनमध्ये अंतर मोठं असेल, समजा ३.८ वर चालतं आणि ३.१३ वर नाही, तर मधलं घ्या. ३.११ वर चालवा. तिथे चाललं तर दोष ३.१२ किंवा ३.१३ चा, ३.१२ वर चालवा. दोन-तीन प्रयत्नांत नेमकी सीमा सापडते: या व्हर्जनपर्यंत ठीक, या व्हर्जनपासून बंद. सीमा कळली की पायथनच्या डॉक्युमेंटेशनमधलं त्या एकाच व्हर्जनचं ‘व्हॉट्स न्यू’ पान उघडायचं. पान लांबलचक असतं, पण सगळं वाचायची गरज नाही. त्यात ‘रिमूव्ह्ड’ आणि ‘पोर्टिंग टू’ असे दोन भाग असतात. एररमधलं नाव घेऊन त्या भागांत शोधा. बहुतेक वेळा ते नाव तिथे असतं आणि त्याच्या जागी काय वापरायचं तेही लिहिलेलं असतं.

काढून टाकलेल्या गोष्टी

सध्या नवशिक्यांना सर्वांत जास्त छळणारी सीमा म्हणजे ३.११ आणि ३.१२ यांच्यामधली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ ने डिस्टयुटिल्स आणि इम्प ही दोन जुनी मॉड्यूल काढली. डिस्टयुटिल्सवर पॅकेज बांधण्याची अर्धी दुनिया उभी होती. याच व्हर्जनपासून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स हे पॅकेज बांधायचं साधनही आपोआप येईनासं झालं, त्यामुळे घाव दुहेरी बसला. डिस्टयुटिल्स नाही अशी एरर आली तर आधी बघा की ते मागणारी लायब्ररी नवी करता येते का. नसेल तर सेटअपटूल्स बसवा. त्याच्यासोबत डिस्टयुटिल्सची एक प्रत येते आणि बहुतेकांचं काम भागतं. इम्पच्या जागी इम्पोर्टलिब वापरायचं. याच व्हर्जनने युनिटटेस्टमधली ‘असर्ट इक्वल्स’सारखी, शेवटी एस असलेली जुनी नावं काढली, जुन्या पुस्तकांत ती सर्रास दिसतात. शेवटचा एस काढला की झालं.

पुढच्याच वर्षी ३.१३ ने एकोणीस मॉड्यूल एकदम काढली. सीजीआय, टेलनेटलिब, ऑडिओऑप, क्रिप्ट, एनएनटीपीलिब ही त्यातली काही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये टेलनेटने राउटरशी बोलणारी स्क्रिप्ट असेल किंवा आवाजाच्या फाइली कापणारा पायडबचा कोड असेल, तर गाठ याच सीमेशी आहे. यातल्या काहींच्या प्रती पायपीआयवर (पिप जिथून पॅकेज उतरवतं त्या साइटवर) वेगळ्या पॅकेजच्या रूपात मिळतात: सीजीआयसाठी लेगसी-सीजीआय, ऑडिओऑपसाठी ऑडिओऑप-एलटीएस. मात्र गायब झालेल्या मॉड्यूलचं नाव जसंच्या तसं पिपला देऊन काही बसतं का ते बघत बसू नका. त्या नावाखाली कुणी काय ठेवलं असेल याची खात्री नसते.

३.१० ची एक एरर अजूनही खूप दिसते: कलेक्शन्समध्ये मॅपिंग किंवा इटरेबल नाही. हे क्लास २०१२ साली, ३.३ मध्येच ‘कलेक्शन्स डॉट एबीसी’मध्ये हलवले होते. जुना पत्ता २०२१ पर्यंत चालू ठेवला आणि मग बंद केला. तुमच्या कोडमध्ये असेल तर मध्ये ‘एबीसी’ घालायचं, लायब्ररीत असेल तर ती लायब्ररी कितीतरी वर्षं कुणी हात न लावलेली आहे असं समजायचं आणि तिच्याऐवजी दुसरी बघायची.

पॅकेज अजून तयार नसणं

दुसरा मोठा गट पिप इन्स्टॉलच्या वेळीच रडवतो. नंपायसारख्या पॅकेजमध्ये सी भाषेतला कोड असतो. तो आधीच कंपाइल करून व्हील नावाच्या फाइलीत दिलेला असतो, आणि ही फाइल सहसा एकाच पायथन व्हर्जनसाठी असते. फाइलीच्या नावात ‘सीपी ३११’ किंवा ‘सीपी ३१२’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या व्हर्जनची व्हील नसेल तर पिप मूळ सोर्स उतरवतं आणि तुमच्या मशीनवर कंपाइल करायला बसतं. विंडोजवर कंपायलर नसतो. मग एरर येते की मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचं हवं.

विद्यार्थी इथे कित्येक जीबीची बिल्ड टूल्स उतरवत बसतात, हॉस्टेलच्या वायफायवर रात्र घालवतात, आणि ती बसवूनही काम होत नाही. कारण मूळ अडचण कंपायलरची नव्हतीच. एक ठळक उदाहरण घ्या. कोर्सच्या रिक्वायरमेंट्स फाइलीत नंपाय १.२४ लिहिलेलं आहे आणि तुमच्याकडे पायथन ३.१२ आहे. ३.१२ ला आधार देणारं पहिलं नंपाय १.२६. म्हणजे १.२४ ची व्हील तुम्हाला मिळणारच नाही. पिप सोर्स घेतं, त्यासाठी जुनं सेटअपटूल्स आणतं, आणि ते ‘पीकेजीयुटिल’मध्ये ‘इम्पइम्पोर्टर’ नाही म्हणून पडतं. तेही ३.१२ मध्येच काढलेलं. एररमध्ये नंपायचं नाव शेवटपर्यंत येतही नाही, आणि नवशिक्या माणूस सेटअपटूल्सच्या मागे लागतो.

उपाय साधा आहे. पायपीआयवर त्या पॅकेजच्या पानावर ‘डाउनलोड फाइल्स’ उघडा आणि आपल्या व्हर्जनच्या आकड्याची व्हील आहे का ते बघा. नावात ‘एबीआय३’ किंवा ‘पीवाय३-नन-एनी’ असेल तर ती फाइल एका व्हर्जनपुरती बांधलेली नसते. व्हील नसेल तर पॅकेजचं नवं व्हर्जन घ्या, नाहीतर पायथन एक पायरी मागचं घ्या. पिपला ‘--ओन्ली-बायनरी’ हा पर्याय ‘:ऑल:’सह (दोन्ही बाजूंचे कोलन धरून) दिला तर ते कंपाइल करायच्या फंदात न पडता सरळ सांगतं की जुळणारी फाइल नाही. ऑक्टोबरमध्ये नवं पायथन आलं की लगेच त्यावर उडी मारू नका, काही महिने थांबा, हा सल्ला याचसाठी. तुमच्या कामाची सगळी पॅकेज तयार झाली की मग जा.

गुपचूप बदलणारं उत्तर

वरच्या सगळ्या एरर मला बऱ्या वाटतात, कारण त्या निदान ओरडतात. खरी काळजी त्या बदलांची, जिथे प्रोग्रॅम चालतो पण उत्तर वेगळं देतो.

३.११ मधला ईनमचा (ठरावीक किमतींना नावं देणाऱ्या क्लासचा) बदल बघा. समजा ऑर्डरची स्थिती दाखवायला तुम्ही स्ट्रिंग आणि ईनम दोन्हींपासून बनलेला ‘स्टेटस’ नावाचा क्लास केला, त्यात ‘ओपन’ची किंमत छोट्या अक्षरांतलं ‘ओपन’. एफ-स्ट्रिंगमध्ये तो टाकला तर ३.१० पर्यंत नुसतं ‘ओपन’ छापलं जायचं. ३.११ पासून ‘स्टेटस डॉट ओपन’ छापलं जातं. एरर नाही, वॉर्निंग नाही. ती एफ-स्ट्रिंग एखाद्या यूआरएलमध्ये किंवा फाइलीच्या नावात जात असेल, तर चुकीची यूआरएल तयार होते आणि दोष तिसऱ्याच ठिकाणी दिसतो. जिथे किंमत हवी तिथे स्पष्टपणे ‘डॉट व्हॅल्यू’ लिहायचं, म्हणजे व्हर्जन कुठलंही असो, उत्तर तेच येतं.

३.१४ मध्ये लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगमध्ये (एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवताना) नवी प्रोसेस सुरू करायची मूळ पद्धत फोर्कवरून फोर्कसर्व्हर झाली. मुख्य प्रोग्रॅमने भरलेलं ग्लोबल व्हेरिएबल आधी मुलाच्या प्रोसेसमध्ये आयतं मिळायचं; आता ते रिकामं किंवा मूळ किमतीचं दिसू शकतं. लागणारा डेटा आर्ग्युमेंट म्हणून पाठवा आणि मुख्य कोड ‘इफ नेम इज मेन’च्या आत ठेवा.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी पुढची गोष्ट नीट वाचावी. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) दिलं नाही, तर विंडोजवर पायथन ३.१४ पर्यंत सिस्टीमचं कोड पेज धरतं, आणि इंग्रजी विंडोजवर ते सहसा सीपी-१२५२ असतं. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द त्यातून वाचला तर कचरा अक्षरं येतात, पण एरर येत नाही. ‘मुंबई’ वाचला तर मात्र प्रोग्रॅम पडतो. कारण ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ०एक्स८१, आणि त्या जागी सीपी-१२५२ मध्ये अक्षरच नाही. हलंताचा ०एक्स८डी, त्याचीही तीच गत. म्हणून तुमची चाचणीची छोटी फाइल पार होते आणि खरी फाइल पहिल्या जोडाक्षराला अडखळते. ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचं ठरलं आहे, म्हणजे तेव्हा जुन्या कोड पेजमध्ये लिहिलेल्या फाइली उलट बाजूने अडतील. दोन्हींवर उपाय एकच: प्रत्येक ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहा. कुठे राहून गेलं असेल ते शोधायला ३.१० पासून ‘-एक्स वॉर्न_डिफॉल्ट_एन्कोडिंग’ हा पर्याय आहे.

अशा बदलांना पकडायचं असेल तर दोन्ही व्हर्जनवर प्रोग्रॅम चालवून त्याचं आउटपुट फाइलीत घ्या आणि दोन फाइली ताडून बघा. टेस्ट लिहिलेल्या असतील तर उत्तमच, पण नसल्या तरी एवढं करता येतं.

तिसरा आकडाही कधीकधी बदलतो

३.१०.६ वरून ३.१०.७ वर जाताना काही मोडू नये ही अपेक्षा रास्त आहे. अपवाद सुरक्षेचा. सप्टेंबर २०२२ मध्ये असाच एक बदल आला: ४३०० पेक्षा जास्त अंकांची पूर्ण संख्या दशमान स्ट्रिंगमध्ये बदलायला गेलं की व्हॅल्यू एरर. तो ३.७ पासून ३.१० पर्यंतच्या जुन्या व्हर्जनमध्येही मागाहून घातला गेला. २००० चा फॅक्टोरियल ५७३६ अंकी आहे, त्यामुळे तो काढता येतो पण प्रिंट करताना प्रोग्रॅम पडतो. मर्यादा वाढवायला सिस मॉड्यूलमध्ये ‘सेट इंट मॅक्स एसटीआर डिजिट्स’ हे फंक्शन आहे.

ऑफिसच्या नेटवर्कवर काम करणाऱ्यांना ३.१३ मध्ये आणखी एक अनुभव येतो. त्यात सर्टिफिकेटची तपासणी मूळातच कडक केली आहे, आणि कंपनीच्या प्रॉक्सीने स्वतः बनवलेली काही सर्टिफिकेट तिच्यात नापास होतात. ब्राउझर चालतो, ३.१२ चालतं, ३.१३ नाही. तपासणी पूर्ण बंद करायचा सल्ला जागोजागी मिळेल. तो घेऊ नका. सर्टिफिकेट नियमाप्रमाणे नव्याने काढून द्या असं आयटी विभागाला सांगा.

व्हर्जनचा आकडा स्ट्रिंग म्हणून वाचू नका

३.१० आलं तेव्हा एक वेगळीच चूक सगळीकडे उघडी पडली. व्हर्जनची पहिली तीन अक्षरं घेणारा कोड ३.१० ला ३.१ समजू लागला. स्ट्रिंग म्हणून तुलना केली तर ‘३.९’ हे ‘३.१०’ पेक्षा मोठं ठरतं. यामल या सेटिंग लिहायच्या फाइलीत अवतरण चिन्हांशिवाय ३.१० लिहिलं तर तो दशांश मानला जाऊन शेवटचं शून्य उडतं, आणि सर्व्हर २००९ सालचं ३.१ शोधत बसतो. कोडमध्ये ‘सिस डॉट व्हर्जन इन्फो’ घेऊन तीन आणि दहा यांच्या टपलशी तुलना करा. यामलमध्ये अवतरण चिन्हं द्या.

पुढच्या ऑक्टोबरची तयारी

एखादी गोष्ट काढायच्या आधी पायथन ‘डेप्रिकेशन वॉर्निंग’ देतं. पण ती मुख्य फाइलीबाहेरच्या मॉड्यूलमधून आली तर मुळात दाखवलीच जात नाही. त्यामुळे ती कधी नजरेस पडत नाही, आणि दिसली तरी अनेक कोर्समध्ये पहिल्याच ओळीत सगळ्या वॉर्निंग बंद करायला शिकवतात. ती ओळ काढून टाका. महिन्यातून एकदा तरी ‘-डब्ल्यू एरर’ देऊन किंवा ‘-एक्स डेव्ह’ लावून प्रोग्रॅम चालवा. पहिल्याने प्रत्येक वॉर्निंग एरर होते, दुसऱ्याने लपलेल्या वॉर्निंग दिसतात. पायटेस्ट वापरत असाल तर शेवटी त्यांची यादी आपोआप येते, ती वाचा.

प्रोजेक्ट दुसऱ्याला देताना कुठल्या पायथनवर चालतो ते लिहून द्या. पायप्रोजेक्ट टॉमल फाइलीत ‘रिक्वायर्स पायथन’ अशी एक ओळ असते. ती भरली की चुकीच्या व्हर्जनवर पिप सुरुवातीलाच नकार देतं.

जुन्या व्हर्जनवर परत जाणं गैर नाही. उद्या सबमिशन असेल तर जरूर जा. पण त्या व्हर्जनचा आधार कधी संपतो ते बघून ठेवा: ३.८ चा ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, ३.९ चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत.

आणि सगळं करूनही बदल ‘व्हॉट्स न्यू’मध्ये सापडला नाही, तर तो पायथनमधलाच दोष असू शकतो. नवशिक्या माणसानेही तो जरूर कळवावा. २०२२ पासून सीपायथनच्या तक्रारी गिटहबवर घेतात. कळवण्याआधी कोड कापत कापत दहा-बारा ओळींवर आणा, बाहेरची सगळी पॅकेज काढून टाका, आणि तरीही फरक दिसतो का बघा. दिसत असेल तर त्या ओळी, कुठल्या व्हर्जनला काय उत्तर आलं आणि कुठल्याला काय, आणि ऑपरेटिंग सिस्टीम कुठली, एवढं लिहा. दर वर्षी मे महिन्यात पुढच्या व्हर्जनची पहिली बीटा येते आणि तिच्यानंतर नव्या गोष्टी घेणं थांबतं; ऑगस्टच्या सुमाराला रिलीझ कँडिडेट येतात. यूव्हीने ते उतरवून आपला प्रोजेक्ट त्यावर एकदा चालवला, तर तुम्हाला सापडलेला दोष ऑक्टोबरच्या आत दुरुस्त व्हायला वेळ मिळतो.